ओट्याची खाच

८ जानेवारी २००७, सोमवार

भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या सूतवाल्याने यंदाही डायरी दिली. मी कारखाना सोडून दोन वर्षं झाली तरी देतो, भला माणूस. इतकी वर्षं या डायऱ्या कपाटात पडून राहायच्या. यंदा लिहायचं ठरवलंय, कारण घरात बांधकाम निघतंय आणि मिस्त्री आज बोललेलं उद्या नाकारतात.

काम एवढंच, स्वयंपाकघर. इथे अंजूरला आमच्या मागच्या शेतांत गोडाऊनं झाली. त्यांनी भराव टाकून जमीन उचलली, मग रस्ता उचलला, आणि आमचं घर खड्ड्यात राहिलं. दोन पावसाळे स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. गेल्या श्रावणात शेगडीखाली खेकडा सापडला, तर ही म्हणाली, "घरपोच आला." हसायचं की रडायचं ते कळेना.

तेव्हा जुनं पाडून, जोतं तीन फूट उचलून नवं बांधायचं. ही, म्हणजे माझी बायको गुणाबाई, हिची एकच अट. "सैपाकघर मी सांगन तसं. न्हायतर मना नको." चाळीस वर्षांत हिने साडीचा रंगही कधी स्वतःहून सांगितला नाही. आता अट घालते. बघू.

१४ जानेवारी, रविवार

कल्याणहून मुलगा मनोज आणि सूनबाई उन्नती आले. उन्नतीने नव्या किचनचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. ट्रॉल्या, दारांची कपाटं, चकचकीत सगळं. हिने त्या पानावरून हात फिरवला, "गुळगुळीत हाय" म्हणाली आणि परत दिलं. पोरीने एवढ्या हौसेने आणलेलं, नीट बघायचं तरी. मला वाईट वाटलं.

मनोजचं तेच. या वयात बांधकाम कशाला, कल्याणला चला, लिफ्ट आहे. "तिकडे तुला हातसुद्धा हलवावा लागणार नाही, आई."

"हात न्हाय हलवला तर मी काय करू? खिडकीत बसून गाड्या मोजू?"

शेवटी मनोज म्हणाला, बांधा. पण पावसाळ्यापर्यंत आईला त्या स्वयंपाकघरात जमलं नाही, तर दोघांनी मुकाट्याने कल्याणला यायचं. "ठरलं?"

"ठरलं," ही म्हणाली. तिच्या आवाजात एवढी धार मी पूर्वी ऐकली नव्हती.

ते गेल्यावर मला विचारते, "तुमी त्याच्या बाजूचं का माझ्या?" मी म्हटलं, मी झोपेच्या बाजूचा. पण खरं सांगायचं तर मलाही इथून हलायचं नाही. चौथ्या मजल्यावर मी काय करणार? इथे निदान ट्रकवाल्यांशी भांडता येतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

जोतं भरून झालं. महादू मिस्त्रीने फक्की टाकून जमिनीवर नकाशा आखला. नकाशा माझा. तीन रात्री खपून काढलेला. ओटा काटकोनात, कोपऱ्यात खिडकीखाली सिंक, वळणानंतर शेगडी, वर दारांची कपाटं.

ही चपला काढून त्या रेघांत उतरली. देवळात उभी राहावी तशी डोळे मिटून उभी राहिली, मग चालली, मग परत चालली. ओठ हलत होते. आणि मग माझा नकाशा तिने एका दमात मोडीत काढला. काटकोन नको. ओटा एकाच भिंतीला, सरळ. डाव्या टोकाला सिंक, तिथून तीन विता सोडून शेगडी, तिच्या उजवीकडे भाकरी थापायला हातभर मोकळा दगड. कपाटांना दारं नकोत, "उघडी रायली का डोक्याला लागतात." उघडी फळी, तीही खांद्याच्या खाली. मासे साफ करायला मागच्या दाराबाहेर खाली मोरी, आणि मध्ये उंबरा नको.

उंबरा नाही तर पाणी आत येईल, म्हटलं. "तीन फूट उचललंय कशाला मग?" यावर महादू तेवढा हसला.

मी विचारलं, तीन विता म्हणजे काय भानगड? सरळ दोन फूट म्हण. "माझा हात घरातच असतो. तुमची टेप रोज हरवते." टेप लावून पाहिलं तर तिच्या तीन विता बरोबर दोन फूट भरल्या. या गोष्टीवर आम्ही तासभर भांडलो होतो.

२७ जानेवारी, शनिवार

मिस्त्री आला नाही. धूळ आली.

३ फेब्रुवारी, शनिवार

अठरा दिवस ओटीवर टेबल टाकून त्यावर शेगडी. दोघंही वैतागलो आहोत. आज भातात खडा लागला, या आठवड्यातला तिसरा. परवा चहात मीठ. काल चहा ओतताना निम्मा बशीत, निम्मा माझ्या पायावर. मी ओरडलो, तर म्हणाली, "जल्लं ते टेबल. माझी जागा न्हाय ही. माझ्या जागेवर मी चुकत न्हाय." तेही खरंच, मी जुन्या स्वयंपाकघरात तिला कधी चुकताना पाहिलं नव्हतं.

बाजारात बोंबील घेताना मान वर करून उभी, मासळी नुसती दाबते आणि हुंगते. कोळीण म्हणाली, मावशी, बघा तरी! ही म्हणते, "बघायला काय, सगले मासे सारखेच दिसतात."

शेजारची सीताबाई कुरकुरत आली, की गुणा रस्त्यात समोरून गेली पण बोलली नाही, शिष्ट झाली. मी म्हटलं, नव्या ओट्याचा माज आहे. दिवाळीनंतर दोघी डोळ्यांच्या शिबिराला गेल्या होत्या तेव्हापासून यांच्यात काहीतरी बिनसलंय असा माझा अंदाज. शिबिरात काय सांगितलं विचारलं होतं, तर म्हणाली, "वयाचं हाय." ते तर मलाही आहे.

आणि पेपर. पूर्वी अक्षर अक्षर लावून रोज एक तरी बातमी वाचायची. हल्ली म्हणते, बातम्या वाईट असतात, तुमीच वाचा. मग मी वाचतो आणि ती ऐकते. चांगलीच आळशी झाली आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी सात ते साडेआठ लाइट नसते हे आता पाठ झालंय. भिवंडीहून परतलो तर घर काळंकुट्ट आणि आत कांदा चिरल्याचा आवाज. कंदील नाही, मेणबत्ती नाही. अंधारात विळीवर बसून ही कांदा चिरत होती, आणि तो एकसारखा बारीक.

माझं डोकं फिरलं. "बोट कापून घेशील, दिवा लावायला काय झालं?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "रॉकेल कशाला जालायचं. मना माहीत हाय सगलं."

असली काटकसर काय कामाची? मीच कंदील लावला. चेहऱ्यावर उजेड पडला तरी तिने डोळे मिचकावले नाहीत. दिवसभराची दमलेली असणार. मीही दमलो होतो, हातपाय धुवायला गेलो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ओट्याचा कडप्पा बसला. काळाभोर, छान. उंची हिच्या कोपराखाली चार बोटं, महादूने तिला उभी करून घेतली. नेमका तेव्हाच हिने मला नळाची तोटी आणायला भिवंडीला पिटाळलं. "उद्या आणली तर चालणार न्हाय का?" "न्हाय."

परत आलो तर दोघं कुजबुजत होती, मला पाहून गप्प. हिच्या उजव्या हाताच्या बोटाला ओलं सिमेंट. मिस्त्री माझ्या बायकोशी गुपित करतो आणि मालकाला तोटी आणायला पाठवतात. सिमेंटची खरड सगळ्या दगडावर पसरली आहे, दोन दिवस हात लावायचा नाही म्हणे.

पण एक लिहितो. आज किती तरी दिवसांनी ही गुणगुणत होती.

२१ फेब्रुवारी, बुधवार

ही काल दोन दिवसांसाठी गणेशपुरीला बहिणीकडे गेली. पॉलिशची धूळ तिला सोसणार नाही म्हणून मीच पाठवली. महादू दुसऱ्या कामावर, त्याने पॉलिशवाला भैया पाठवला.

बरं झालं मी उभा होतो. खरड धुऊन काढली तर दगडाच्या पुढच्या कडेला, सिंक आणि शेगडीच्या जागेच्या मध्ये, चांगली बोटभर खाच! नवा दगड आणि टवका उडालेला. महादूने माझ्यापासून लपवला म्हणायचं. म्हणून ती कुजबुज.

भैया खाली वाकून बघत म्हणाला, "चाचा, ये टूटा नहीं है. किसी ने काटा है. देखो, दोनों तरफ बराबर."

मी म्हटलं, "बत्तीस साल कारखाने में कपड़ा जाँचा है मैंने. नुक्स मुझे मत सिखाओ." खरंच आहे. फोल्डिंगला उभा असताना टेबलावरून सरकणाऱ्या ताक्यातला एक तुटका धागा मला दिसायचा. मालक म्हणायचा, केसरीनाथच्या नजरेतून दोष सुटत नाही.

अर्धा तास मशीन चालवून त्याने ती कड घासून काढली. तिथे आता जरासा उतार आहे, पण हात फिरवला तर कळतसुद्धा नाही. ही खूश होईल. बऱ्याच दिवसांनी काहीतरी माझ्या हातून नीट झालं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

सकाळी दूध उतू घालवायचं ठरलं होतं. महादू आला होता, सीताबाई आली होती. हिने नवी साडी नेसली, शेगडीची पूजा केली, दूध ठेवलं, गॅस लावला. सगळं झटझट. मी सीताबाईला म्हटलंसुद्धा, बघा, जागा सापडली की बाई कशी चालते.

मग ती सिंककडे गेली, हात धुतले आणि परत फिरली. डावा हात दगडाच्या कडेवरून सरकवत येत होती. तो हात सरकत राहिला. थांबला नाही. तिच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली, काहीतरी हरवल्यासारखी. शेगडीपुढची सांडशी घ्यायला तिने हात आत वळवला, तो थेट जाळावर.

ती ओरडली नाही. "खाच कुठं गेली?" एवढंच म्हणाली. दूध उतू जात होतं आणि ती भाजलेला हात धरून पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. "महादू, खाच कुठं गेली?"

महादू माझ्याकडे बघत होता.

२५ फेब्रुवारी, रविवार

महादूने सांगितलं. "काकींनी बोट ठेवून जागा दाखवली होती, काका. म्हणाल्या, सिंककडून आले की हात खाचीत पडला पाहिजे, म्हणजे शेगडी पुढं एक वीत. मीच कापली. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

बाकीचं सीताबाईने सांगितलं. शिबिरात काचबिंदू निघाला. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाले होते. हिने तो कागद तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला. दोघींत बिनसलंय म्हणून हिने तिच्याशी बोलणंच सोडलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. सोडलं नव्हतं. रस्त्यात सीताबाई हिला दिसलीच नव्हती. उजव्या डोळ्याने काहीच नाही. डाव्याने समोरचं तेवढं, तेही धुरकट.

हे ऐकल्यावर पाटावर बसून मी आधीची पानं वाचली. मीठ, खडा, बोंबील, उन्नतीचं पुस्तक. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मला माझीच शरम वाटली.

संध्याकाळी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"सांगितलं असतं तर तुमी मना शेगडीजवल जाऊ दिलं असतं?"

नसतं दिलं. त्याच दिवशी मनोजला फोन केला असता. ते तिला माहीत होतं.

"मना चालता येतं, थापता येतं, चव कलते. डोलेच तेवढे गेलेत. मी म्हटलं, सगलं जायच्या आत आपलं घर हाताला लावून घेऊ." मग थोड्या वेळाने, "इतकं बारीक बघता तुमी, म्हून घाबरत होते. पण तुमाला काय दिसलं न्हाय."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं.

१ मार्च, गुरुवार

भिवंडीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकेल, थेंब रोज वेळेवर पडले तर. "दिवाळीत यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. बरोबरच आहे.

थेंब घालायचं काम माझं. पहिल्यांदा दोन्ही थेंब गालावर पडले. "नीट बघून घाला की," ही म्हणाली आणि हसली. मला नाही हसता आलं.

४ मार्च, रविवार

काल होळी. आज मनोज आणि उन्नती आले. हाताची पट्टी लपण्यासारखी नव्हती, आणि मला आता काही लपवायचं नव्हतं. सगळं सांगितलं. उन्नती रडली. मनोज म्हणाला, "ठरलं होतं, बाबा. आईला जमलं नाही तर कल्याण. ती जळून मेली असती."

 ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. चाळीस वर्षांत मी हिला हरलेली पाहिली नव्हती, आज पाहिली.

मी म्हटलं, "तिला जमलं होतं. जमलं नाही ते मला. खाच मी घासली."

"म्हणजे?"

"म्हणजे आईने घर बरोबर बांधलं होतं. मी त्यातली चूक काढली आणि ती चूक नव्हती."

मनोज म्हणाला, पुन्हा काही झालं तर? मी म्हटलं, मी आता जवळ असेन, बघत असेन. बोलताना माझाच मला राग आला, कारण जवळ तर मी आजवर होतोच. पण बोललो. मी नेणार नाही तिला, म्हणालो. तू पाहिजे तर रोज फोन कर.

तो रागावून ओटीवर जाऊन बसला. उन्नती मात्र डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने विचारलं, "आई, साखरेचा डबा मिठाच्या कुठल्या बाजूला?"

"डावीकडं. गोल तो साखरंचा, चौकोनी मिठाचा." हिने पदर सोडला आणि उठली. "थांब, हात लावू नको, मी येते."

निघताना मनोज म्हणाला, पावसाळ्यापर्यंत. मी म्हटलं, पावसाळ्यापर्यंत.

६ मार्च, मंगळवार

महादू छिन्नी घेऊन आला. मी त्याच्या हातातून घेतली. हिचा डावा हात दुखत होता म्हणून उजव्याने सिंकपासून दोन विता मोजल्या आणि बोट ठेवलं. मी कापत गेलो. मला वेळ लागला, खाच वाकडी आली, एक कड दुसरीपेक्षा खोल. नुसत्या नजरेनेही दोष दिसतो.

हिने त्यातून बोट फिरवलं. "पैल्यापेक्षा बरी हाय," म्हणाली. "लगेच लागते हाताला."

९ मार्च, शुक्रवार

हिने आज पट्टी सोडल्यावर पहिल्या भाकऱ्या केल्या. मी दाराशी स्टूल टाकून बसलो होतो. सिंककडून आली, हात खाचीत पडला, थांबला, आत वळला, सांडशी मिळाली. सहा भाकऱ्या. एकही करपली नाही. मी श्वास रोखून बसलो होतो हे तिला कसं कळलं कोण जाणे, म्हणाली, "सोडा आता. मी पडत न्हाय."

सातला लाइट जाते म्हणून लवकर जेवलो. मग म्हणाली, "रोज काय लिवता? वाचा तरी."

मी टाळलं. यात तुझ्या चुगल्याच आहेत, म्हटलं. "मग तर वाचाच."

म्हणून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. खेकड्याला हसली. तीन वितांना हसली. टेबलावरचा चहा आला तिथे माझा आवाज बारीक झाला, तर म्हणाली, मोठ्यानं. आळशी झाली म्हणून लिहिलंय तिथे "खोडा ते" म्हणाली. मी पेनने खोडलं आणि खोडल्याचा आवाज तिला ऐकू येईल असं खोडलं. मग अंधारातला कांदा आला, मग कडप्पा आला. पान उलटून खाच घासली त्या दिवसावर आलो, आणि सात वाजले, लाइट गेली.

मी थांबलो.

"का थांबला?" ती म्हणाली. "वाचा की पुढं."

समोर बसली होती, माझ्याकडे तोंड करून, वाट बघत. कंदील फळीवर होता, काडेपेटी खिशात होती. मी उठलो नाही. पान मांडीवर तसंच धरलं आणि त्या दिवशी मी काय लिहिलं होतं ते, एक शब्द न गाळता, तिला सांगत गेलो.